व्हॉइस नोटमधला नवरा

आमच्या घरात आवाज करायला बंदी नाही, हे आधी सांगायला हवं. मी इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात वेदांगने मला ते मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं.

"हा फोन घे आणि बेडरूममध्ये जा," तो म्हणाला. "दार लाव. मी लॅपटॉपवरून मीटिंग लावतो. तू फक्त ऐक."

मी पलंगावर बसून फोन कानाला लावला. बाहेर त्याने मिक्सर सुरू केला, तोही रिकामा. भिंतीतून त्याची घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती. फोनमध्ये मात्र मिक्सर नव्हता. तिथे फक्त वेदांग होता, शांत आणि स्वच्छ, रेडिओवर बातम्या देतात तसा. "हॅलो ममता, मिक्सर ऐकू येतोय? नाही ना? खलास!"

मी रसायनशास्त्रातली एम.एस्सी. आहे. एखादी गोष्ट चालते कशी ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाहेर येऊन मी विचारलं, "पण ते ठरवतं कसं, कुठला आवाज ठेवायचा आणि कुठला काढायचा?"

"माइकच्या जवळचा तो मेन. बाकी सगळं बॅकग्राउंड."

"मी इथे उभी राहून बोलले तर?"

"तू पण बॅकग्राउंड," तो हसून म्हणाला. "म्हणून तर सांगतोय, बिनधास्त राहा. कुकर लाव, गाणी म्हण, आईशी भांड. क्लायंटला काही कळत नाही."

आणि त्याच्या कानावर जे हेडफोन असतात ते बाहेरचा आवाज आत येऊ देत नाहीत, त्यामुळे त्यालाही काही कळत नाही. हे त्याने सांगितलं नाही. ते मला इथे राहता राहता कळलं.

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीत तेविसाव्या मजल्यावर आमचं घर आहे. एक बेडरूम, आणि एक हॉल ज्याच्या एका कोपऱ्यात स्वयंपाकघर आहे. वेदांगचं टेबल ओटा आणि बाल्कनीच्या मधोमध येतं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट टीमचा लीड आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच काम करतो. त्याची माणसं कुठल्या कुठल्या देशांत आहेत, आणि तो त्यांच्याशी इतकं छान बोलतो की ऐकत राहावं. कुणाची आई आजारी असेल तर विचारपूस करतो, कुणी चिडलं तर समजूत घालतो, मधेच विनोद करतो. मी कांदा चिरता चिरता ते ऐकायची. त्याच्या पाठीपासून माझा ओटा दोन पावलांवर आहे.

खिडक्या तळहाताएवढ्याच उघडतात. सुरक्षेसाठी तशाच केलेल्या आहेत. उन्हाळ्यात त्या उघडायची तशीही इच्छा होत नाही. खाली तळं आहे, त्याच्याभोवती माणसं फक्त संध्याकाळी दिसतात. माझा व्हिसा वेदांगच्या व्हिसावर आहे, घराचा करार त्याच्या नावावर आहे, आणि सकाळपासून माझ्याशी जे कोणी बोलतं ते लिफ्टमधल्या बाईचं रेकॉर्ड केलेलं इंग्रजी असतं. तक्रार म्हणून नाही, परिस्थिती म्हणून सांगते.

आता आमचं लग्न कसं जमलं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी चिपळूणची. वेदांग शारजात वाढलेला. स्थळ आत्याकडून आलं, म्हणजे वेदांगच्या अबू धाबीतल्या प्रभावतीआत्याकडून. फोटो आवडले, पत्रिका जुळली, मग "आता तुम्ही बोला" असं घरच्यांनी सांगितलं. पण बोलायचं कसं? व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण तिकडून कॉल लागत नाही. दुसरी ॲप्स आहेत, पण आमच्याकडची रेंज तशी, त्यात चित्र अडकायचं आणि दोघंही "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" एवढंच बोलायचो. त्यावर त्याने तोडगा काढला. व्हॉइस नोट.

सव्वा वर्ष आम्ही एकमेकांना व्हॉइस नोट पाठवल्या. मी लॅबला जाताना बसमध्ये त्याच्या ऐकायची. शाळेच्या बसमध्ये तो एका पठाण मुलाशी डब्यातल्या पोळीची अदलाबदल कशी करायचा. जानेवारीच्या धुक्यात खालचे मजले पुसले जातात आणि टॉवरची नुसती डोकी कशी उरतात. बाबांची नोकरी गेली तेव्हा घरात सगळ्यांनी ती गोष्ट एकमेकांपासून कशी लपवली. किती नेमकं बोलायचा! जिथे थांबायला हवं तिथे थांबायचा. मी उत्तरं द्यायची. माझ्या लॅबमधल्या टायट्रेशनच्या, होस्टेलच्या, कोयनेच्या सहलीच्या गमती. तो प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवून त्यावर बोलायचा. माझ्या मैत्रिणींचे होणारे नवरे "जेवलीस का?" याच्यापुढे जात नव्हते. मला वाटलं, आम्ही खूप बोललोय.

प्रत्यक्षात साखरपुडा आणि लग्न मिळून आम्ही समोरासमोर आलो तेव्हा भोवती दोनशे माणसं होती. तिथे कोण काय बोलणार! मग मी इथे आले.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला मी आमटी-भात केला. "कसं झालंय?" म्हटलं. "मस्त," तो म्हणाला. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं, दोनदा ताटाकडे, मग उठून ताट घासलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि दुपारी व्हॉइस नोट आली. कालच्या आमटीबद्दल. चिंच किती बेताची होती, ती खाताना त्याला आजीच्या घरचा ओटा कसा आठवला, आणि आपल्या घराला पहिल्यांदा घरासारखा वास येतोय असं कसं वाटलं. मी ती नोट चार वेळा ऐकली. खूश झाले. संध्याकाळी तो आला, बूट काढले, म्हणाला, "हाय." मी म्हटलं, "तुझी नोट ऐकली. किती छान बोललास." तो लाजला. "अरे हां," म्हणाला, आणि फोन चार्जिंगला लावायला गेला.

तो शेजारच्या खोलीत असला तरी चांगलं काही सांगायचं तर नोट यायची. कधी बाल्कनीत उभा राहून काहीतरी बोलत असायचा. काचेतून मला त्याची पाठ दिसायची. मला वाटायचं, ऑफिसचं असेल.

आठ महिने गेले. मग मला नोकरी मिळाली.

अबू धाबीत खलिफा सिटीजवळ पाण्याच्या तपासणीची एक लॅब आहे. समुद्राचं पाणी गोडं करून घराघरांत येतं, त्याचे नमुने तिथे तपासतात. मी अर्ज टाकला होता, तोही वेळ जात नाही म्हणून. लॅबच्या प्रमुख खतीजा मॅडम केरळच्या. त्यांनी मुलाखतीत मला क्लोराइडबद्दल इतके खोचक प्रश्न विचारले की मला पहिल्यांदा इथे आल्यासारखं वाटलं. कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. शेवटी त्या हिंदीत म्हणाल्या, "रोज का आना-जाना मत करो बेटा, थक जाओगी. लेडीज़ के लिए रूम है यहाँ. फ्रायडे शाम को घर जाओ, मंडे सुबह वापस. मंडे सुबह तक मुझे हाँ या ना बता दो." आणि मग, फाइल बंद करता करता, "हज़्बंड को कोई प्रॉब्लम तो नहीं ना? पिछली वाली लड़की आठ दिन में भाग गई थी. नहीं तो पहले घर में बात कर लो."

घर में बात कर लो. इतकंच करायचं होतं.

मंगळवारी मी वेदांगच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्याने एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट. ते मिनिट दुसऱ्या मीटिंगमध्ये गेलं. जेवताना मी म्हटलं, "वेदांग, एक महत्त्वाचं बोलायचंय."

"बोल ना." त्याने फोन उलटा ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मला वाटतं, तेव्हा काही कॉल वगैरे नव्हता. पण त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की जणू तोंडी परीक्षेला बसवलंय. माझाच शब्द अडला. तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि आम्हा दोघांचीही सुटका झाली. खरंच, दोघांचीही. मी आमटी वाढायला उठले.

बुधवारी मी ठरवलं, लिहून पाठवते. पाठवायचं त्यालाच, तो टेबलाशी, मी ओट्याशी. पण मेसेज तो वाचतो, असं मला वाटत होतं. बराच वेळ लावून मी लिहिलं. लॅबचं, खतीजा मॅडमचं, सोमवारचं. चार रात्री तिकडे राहावं लागेल, हे. मला इथे कसं वाटतं, हेही लिहिलं. की मी दिवसभर तुझ्या पाठीशी बोलते. की मला तुझा होकार कागदावर नकोय, तुझ्या तोंडून हवाय. खलिफा सिटी हे नाव त्यात तीन-चारदा तरी आलं असेल. पाठवलं आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "डन बाळा! सॅटर्डे पक्का. एकदम मस्त आयडिया." पुढे बदाम.

शनिवारचं मला कळलं नाही, पण वाटलं, शनिवारी निवांत बोलू म्हणत असेल. मी धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. "खरंच चालेल तुला?" त्याने हेडफोन न काढता अंगठा वर केला आणि हसला. मनापासून हसला. त्या दिवशी मी गाणं म्हणत भांडी घासली. बॅकग्राउंडमध्ये.

शनिवारी सकाळी तो आंघोळ करून, नवा शर्ट घालून आला. "यल्ला, आवर लवकर. आत्या वाट बघतेय. तिने वडे तळायला घेतलेत."

"आत्या?"

"खलिफा सिटीला, तिच्या घरी. तूच म्हणालीस ना! मी आत्याला सांगून टाकलं, मुक्कामालाच येतोय. ती इतकी खूश झाली ना, म्हणाली सुनेला बरी आमची आठवण झाली."

"वेदांग, मी काय लिहिलं होतं?"

"हेच की." त्याने फोन पुढे धरला. त्याच्या फोनमध्ये एक सहायक आहे, तो लांबलचक मेसेज आटपून देतो. ऑफिसचे रोज शेकडो येतात, त्यांच्यासाठी त्याने तो लावला होता. माझ्या नावापुढे एक ओळ होती. "ममता: खलिफा सिटीला मुक्काम, चार रात्रींचा विचार. सोमवारपूर्वी होकार हवा."

चूक काहीच नव्हती त्यात. मी ती ओळ पुन्हा वाचली. लॅबमध्ये नमुना आटवतात तसं केलं होतं. पाणी गेलं आणि तळाशी मीठ उरलं. फक्त मला पाणीच तपासून हवं होतं.

"तू मेसेज उघडलाच नाहीस?"

"समरी वाचली ना. का? चार रात्री जमणार नाहीत गं, सोमवारी मला रिव्ह्यू आहे. एक रात्र राहू."

मी म्हटलं, "गाडीत सांगते."

गाडीत तो कुठे उठून जाणार नाही, हा माझा हिशेब होता. मीही जाणार नाही. शेख झायेद रोडला लागेपर्यंत मी थांबले. मग समोर बघत सांगून टाकलं. नोकरी, लॅब, खोली, सोमवार. सगळं मिळून फारसा वेळ लागला नाही. मंगळवारपासून जे बोलणं अवघड वाटत होतं ते एका टोलच्या कमानीपासून दुसरीपर्यंत संपलं.

वेदांग म्हणाला, "अच्छा."

मग म्हणाला, "गुड. गुड न्यूज आहे."

गाडीच्या नकाशातली बाई म्हणाली, सरळ चालत राहा.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"पेट्रोल भरून घेऊ का?"

काटा अर्ध्याच्या वर होता. तो पंपावर वळला. पोऱ्याला "फुल" म्हणून सांगितलं आणि "पाणी आणि करक चहा घेऊन येतो," म्हणत दुकानात गेला. मी गाडीतच बसले. दुकानाची भिंत काचेची होती. तो चिप्सच्या रांगेत उभा होता. चहाच्या काउंटरकडे गेलाच नाही. फोन त्याने ओठांपाशी आडवा धरला होता, आणि बोलत होता. हात हलवत, मान तिरकी करत, मधेच हसत. मग थांबला. अंगठा डावीकडे सरकवला, म्हणजे बोललेलं पुसलं. पुन्हा फोन ओठांशी. पुन्हा बोलणं, तसंच हसू, अगदी त्याच जागी. पुन्हा अंगठा डावीकडे.

मला आमची बाल्कनी आठवली. त्याची पाठ.

मी मोजत बसले नाही. पण तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा घासतोय, हे काचेपलीकडूनही दिसत होतं. मग माझ्या फोनने आवाज केला. वेदांगची व्हॉइस नोट, तीन मिनिटांहून मोठी.

तो दोन कप चहा घेऊन आला. चेहरा मोकळा झालेला. पेपर सोडवून बाहेर आल्यासारखा. "पाठवलंय बघ," म्हणाला. "म्हणजे, ऐक."

"तू इथे आहेस, वेदांग."

"हो, पण त्यात नीट बोललोय ना."

"मग तेच इथे बोल."

"आता? असं?" तो हसला. मी हसले नाही. त्याने चहा खाचेत ठेवला, घसा खाकरला. "बघ, ममता, तू... तू खूप टॅलेंटेड आहेस, आणि मला कायम वाटायचं की, म्हणजे तू जेव्हा चिपळूणच्या लॅबबद्दल बोलायचीस..." तो अडला. वर बघून पुढचं वाक्य आठवू लागला.

"पाठ केलेलं नको."

"पाठ नाही केलंय."

"मी बघितलं तुला आतमध्ये."

पंपावरचा पोऱ्या काच पुसत होता. वेदांगने त्याला पैसे दिले, गाडी थोडी पुढे घेऊन कडेला उभी केली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला. बाहेर सगळं पांढरं दिसत होतं, आणि एसी पूर्ण वेगात.

"नको जाऊस," तो म्हणाला.

त्याचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पातळ होता, जरा चिरका. पहिल्यांदा मला कळलंच नाही की उत्तर आलंय.

"का?"

"माहीत नाही. नको. बस्स."

मी त्याची नोट लावली. फोन गाडीला जोडलेला होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. चारी बाजूंनी वेदांगचा दुसरा आवाज भरून आला. भरदार, ऊबदार. "ममता, मला तुझा इतका अभिमान वाटतो. चार रात्री काय गं, आपण सव्वा वर्ष समुद्राच्या दोन काठांवर काढलंय. तू जा. मी इथे आहे, तुझ्या पाठीशी आहे..." तो आवाज बोलत राहिला, आणि त्या आवाजाचा मालक माझ्या शेजारी मान खाली घालून बसला. त्याने बंद करायला हात पुढे केला, मी तो धरला. आम्ही पूर्ण ऐकलं. शेवटी एक विनोद होता, आणि हसू. काचेतून दिसलेलं तेच.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"हे पण खरंच आहे गं. मला असंच वाटायला पाहिजे, असं वाटतं."

"आणि आधी जे पुसलंस त्यात काय होतं?"

"नको जाऊस."

"सगळ्यांत?"

"पहिल्या दोन्हींत. मग ऐकून बघितलं तर इतकं भिकार वाटत होतं ना! कुठला नवरा बायकोला असं सांगतो? म्हणून सुधारलं."

"तू सगळं सुधारून पाठवायचास? आमटीचं पण? धुक्याचं पण?"

"तुला काय वाटलं, मी असा उभ्या उभ्या बोलतो?" आता तो चिडला होता. "शाळेत मराठी बोललो की मुलं हसायची, घरी इंग्लिश बोललो की बाबा. मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात तयार करतो. फोनवर ते जमतं. समोर तू बघत असतेस. तू अशी बघतेस ना, मायक्रोस्कोपमध्ये बघतात तशी. मी पुढचं वाक्य तयार करेपर्यंत तुझा चेहरा पडलेला असतो."

"माझा चेहरा पडतो कारण तू काहीच बोलत नाहीस!"

"बोलायला वेळ तर दे!"

"आठ महिने दिले."

"आठ महिने तू घरात होतीस," तो म्हणाला. "हेडफोन काढला की तू असतेस. काही बोललो नाही तरी मागे भांड्यांचा आवाज असतो. तू गेलीस की मी हेडफोन काढेन आणि..." इथे त्याचं वाक्य खरंच संपलं. तयार केलेलं नव्हतंच.

मला त्याची कणव आली, आणि त्याच वेळी एक कळलं. मी कुणाची तरी शांतता भरायला तेविसाव्या मजल्यावर ठेवलेली होते. त्याचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. हेतू वाईट असता तर सोपं गेलं असतं.

त्याने गाडी सुरू केली. आम्ही पुन्हा खलिफा सिटीच्या रस्त्याला लागलो. प्रभावतीआत्याचा फोन दोनदा आला, गाडीच्या पडद्यावर तिचं नाव चमकत राहिलं, कुणी उचलला नाही. शेवटी तिचा मेसेज नकाशातल्या बाईनेच वाचून दाखवला, की वडे गार होतायत. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही दोघंही हसलो असतो.

आत्याच्या घराची बुटकी पांढरी भिंत आली. वेदांगने गाडी सावली शोधून लावली, पण सावली अर्धीच होती. मला स्पष्ट दिसत होतं, पुढे काय होणार ते. आत गेलो की आत्या मिठी मारेल, काका टीव्ही मोठा करतील, वडे, कोंबडीची सागोती, "आता चार दिवस राहाच." वेदांग तिथे हसेल. संध्याकाळी त्याची एक सुंदर नोट येईल. सोमवारी त्याचा रिव्ह्यू असेल, आणि मी ओट्याशी.

मी खतीजा मॅडमना फोन लावला.

"कुणाला?" वेदांगने विचारलं. तेवढ्यात गाडीतून त्यांचा आवाज आला. "हाँ ममता बेटा, बोलो. सैटरडे को? सब ठीक?"

"मैम, मेरी हाँ है. मंडे को आती हूँ."

"अल्हम्दुलिल्लाह. और घर में बात हो गई? हज़्बंड को कोई प्रॉब्लम तो नहीं?"

वेदांगने हात पुढे केला. फोन मागत होता तो. त्याच्या डोळ्यांत मला ते वाक्य तयार झालेलं दिसलं. "नॉट ॲट ऑल मॅडम, वी आर व्हेरी हॅपी," त्याच्या त्या दुसऱ्या, छान आवाजात. त्याने ते इतकं चांगलं म्हटलं असतं की मॅडमनी विश्वास ठेवला असता. मीसुद्धा ठेवला असता, रात्रीपर्यंत.

मी फोन माझ्या बाजूच्या दाराशी धरला.

"है मैम," मी म्हटलं. "प्रॉब्लम है. वो नहीं चाहते. मैं फिर भी आ रही हूँ."

वेदांगचा हात तसाच मध्ये राहिला.

"वो वहीं बैठे हैं क्या?" खतीजा मॅडमनी विचारलं.

"हाँ मैम. साथ में ही हैं."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो आठ दिन के बाद मुझे मत बोलना कि घर में पता नहीं था." आणि जरा थांबून, "मंडे, आठ बजे. बंद जूते पहन के आना." फोन ठेवला.

वेदांगने गाडी बंद केली. एसी थांबला, पडदा काळा झाला, आणि गाडीत एकदम काहीच आवाज उरला नाही.

"तू तिला असं का सांगितलंस?" तो म्हणाला. "मी नीट सांगितलं असतं ना."

"माहितीये."

"आता तिला काय वाटेल माझ्याबद्दल?"

"जे तू मला सांगितलंस तेच."

तो काहीतरी बोलायला गेला. मी त्याच्याकडे बघणं थांबवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागले. त्याला वेळ हवा असेल तर तो असा द्यावा, असं मला वाटलं. बरोबर की चूक ते माहीत नाही. ऊन काचेतून मांडीवर आलं होतं. अशा उन्हात बंद गाडी तापायला फार वेळ लागत नाही. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता, माझ्या पाठीला सीट चिकटत होती.

फाटक उघडून आत्या बाहेर आली. हाताचा आडोसा करून गाडीकडे बघू लागली. "अरे, बसलात काय आत?" तिचे ओठ हललेले दिसले.

वेदांगने तिला बोट दाखवलं, म्हणजे एक मिनिट. मग खिशातून फोन काढला. त्याने तो मागच्या सीटवर टाकला.

"मला राग आलाय," तो म्हणाला. त्याच पातळ आवाजात. "तुझा. पुढे काय बोलायचं ते मला माहीत नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी बसलेय."